साहेब म्हणाले, 'आले'

पुठ्ठ्याच्या कारखान्यात तिला सगळे तोफ म्हणत. आधी पाठीमागं म्हणत. मग एकदा तिनंच डबा खाताना सांगून टाकलं, "कुजबुजता कशाला? तोंडावर म्हणा, म्हणजे मला ओ तरी देता येईल." आवाजच तसा होता. चालू मशीनच्या गोंगाटात तिनं हाक मारली की पार गोदामातला माणूस मान वर करायचा. घरी नवरा शिवणकाम करायचा. त्याचं बोलणं मोजकंच, त्यामुळं दोघांच्या वाट्याचं ती एकटीच बोलते असं शेजारी म्हणायचे.

चौदा वर्षं ती एकाच मशीनवर होती. कागदाला नागमोडी चुण्या पाडणारे दोन गरम रोलर, त्यांच्यामागं गोंद लावणारा रोलर, आणि पुढच्या बाजूला तिचा बटणांचा खांब. हिरवं बटण चालू करायचं, लाल बंद करायचं. मशीन माणसापेक्षा उंच, त्यामुळं पलीकडं कोण उभं आहे ते तिला दिसायचं नाही. दिसायला हवं असेल तर टोकाला वळसा घालून पंधरा पावलं चालत जावं लागे.

तिचा धाकटा दीर त्याच कारखान्यात फिटर होता. त्याला तिथं चिकटवलं होतं तिनंच. शब्द टाकला होता, आणि त्यानं तो राखला होता. नटबोल्ट नुसते हातात घेऊन तो त्यांचं माप सांगायचा.

पूर्वी प्रत्येक फिटरकडं स्वतःचं लाल कुलूप असायचं. मशीनच्या आत हात घालायच्या आधी मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. मग कुणी हिरवं बटण कितीही बडवलं तरी मशीन हलणार नाही. साधी गोष्ट. पण वर्षभरापूर्वी नवा मॅनेजर आला, आणि दुसऱ्याच महिन्यात एक फिटर किल्ली खिशात ठेवून जेवायला गेला. मशीन पाऊण तास उभं राहिलं. मॅनेजरनं त्याच दिवशी सगळी कुलपं गोळा करून आपल्या केबिनमधल्या कपाटात टाकली. म्हणाला, "तोंड आहे ना प्रत्येकाला? एकमेकांना सांगा आणि काम करा."

दिरानं तेव्हा विरोध केला होता. "साहेब, तोंडाचं ऐकायला कान लागतात. इथं कॉम्प्रेसर सुटला की स्वतःचं ऐकू येत नाही." मॅनेजर हसला. "तुमच्या वहिनीचं ऐकू येतं की सगळ्यांना." सगळे हसले. तोफही हसली होती. ते हसणं नंतर तिला फार जड गेलं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला गोंदाच्या रोलरचं बेअरिंग किरकिरायला लागलं. दिरानं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं.

"वहिनी, हे दुपारपर्यंतसुद्धा टिकायचं नाही. बंद करा. अर्धा तास द्या मला."

तिनं लाल बटण दाबलं. तो वळसा घालून मागं गेला, जाळी काढली आणि कामाला लागला. पंचवीस मिनिटं झाली नसतील, तेवढ्यात मॅनेजर फोन कानाला लावून आला. बाहेर ट्रक उभा होता, माल आजच जायचा होता.

"झालं का?"

"चालू आहे त्यांचं."

तो मशीनच्या टोकापर्यंत गेला, वाकून बघितल्यासारखं केलं आणि परत आला. "झालंय. चालू करा."

"भावजी बाहेर आले?"

"आले. मी आत्ता बघून आलो ना."

त्यानं काय बघितलं असणार ते नंतर लक्षात आलं. निळा शर्ट घातलेला एक माणूस पाठमोरा स्टोअरकडं चालला होता. तो इलेक्ट्रिशियन होता. शर्ट सगळ्यांचे निळेच होते.

तोफेनं रोजच्यासारखी आरोळी ठोकली, "चालू करतेय!" नेमका त्याच वेळी मागचा कॉम्प्रेसर हवा सोडत होता. तिनं हिरवं बटण दाबलं.

मोटर एकदा घुसमटली. तेवढ्यानंच तिला कळलं. चौदा वर्षांत मशीननं असा आवाज काढला नव्हता. तिनं लाल बटणावर पंजा मारला आणि धावली. ती पंधरा पावलं ती त्या दिवशी पहिल्यांदा चालली.

दिराचा उजवा हात कोपरापर्यंत दोन रोलरांमध्ये होता. चेहरा कागदासारखा पांढरा, पण शुद्धीवर होता. इलेक्ट्रिशियन पान्हा घेऊन धावत आला, पण घाईत तो भलत्याच बोल्टला पान्हा लावत होता. आणि अडकलेला माणूसच त्याला सांगत होता, "तो नाही. खालचा. आधी खालचा सैल कर, नाहीतर रोलर आणखी बसेल. घाई करू नकोस." वीस मिनिटं लागली. तोफेनं त्याला पाठीमागून धरून ठेवलं होतं. तिच्या तोंडून त्या वीस मिनिटांत एक अक्षर निघालं नाही.

मॅनेजर तिथं नव्हता.

दवाखान्यात हात कापावा लागला. कोपराखाली चार बोटं रुंदीएवढाच राहिला. तिची धाकटी जाऊ बाहेरच्या बाकावर बसली होती. हळू बोलणारी बाई, शेजारी बसलं तरी कान द्यावा लागे. दोघी एकाच इमारतीत राहायच्या, तोफ पहिल्या मजल्यावर, जाऊ तिसऱ्या, आणि दिवसातून चार वेळा जिन्यात भेटायच्या.

"ताई, बटण कुणी दाबलं?" जावेनं विचारलं.

"मी."

जावेनं तिच्याकडं नुसतं बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यानंतर ती तोफेशी बोलली नाही. जिन्यात समोर आली तरी अंग चोरून वर निघून जायची.

चौथ्या दिवशी मॅनेजरनं तोफेला केबिनमध्ये बोलावलं. स्वतः खुर्ची पुढं केली. चहा मागवला. चौदा वर्षांत तिला त्या केबिनमध्ये कुणी बस म्हटलं नव्हतं. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता.

"बाई, तुम्ही काळजी करू नका. तुमच्यावर काही येऊ द्यायचं नाही असं मी ठरवलंय. इथं सही करा."

तिनं वाचलं. काम झाल्याची खूण फिटरनं हात वर करून केली आणि त्यानंतरच मी मशीन सुरू केलं, असं त्यात लिहिलं होतं.

"कोणता हात?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"हात वर करून खूण केली म्हणता ना. कोणता हात वर केला? जो आत होता तो?"

मॅनेजरचा चेहरा उतरला, पण आवाज गोडच राहिला. "हे बघा, नियमानं बघितलं तर खात्री न करता मशीन सुरू केलं ते तुम्ही. पोलिसांत जाईल प्रकरण. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

"मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, आले."

"मी?" तो खरोखर आश्चर्य वाटल्यासारखा म्हणाला. "मी तर ट्रकजवळ होतो त्या वेळी. कुणालाही विचारा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं कागद उचलला, त्याचे चार तुकडे केले, चहाच्या भरल्या कपात कोंबले आणि बाहेर पडली. बाहेर सगळे माना खाली घालून कामात होते. काचेच्या केबिनमधलं सगळं सगळ्यांना दिसलं होतं. एकानंही वर बघितलं नाही, आणि तिला त्या क्षणी मॅनेजरपेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो शिलाई मशीनवर वाकलेला होता. मान वर न करताच म्हणाला, "सही करून टाकायची. त्याचा हात काही परत येणार नाही. उगाच तूही अडकशील."

झालं. तोफ सुटली. तुमचा सख्खा भाऊ आहे तो, का रस्त्यावरचा कोण? त्यानं स्वतःच्या चुकीनं हात घातला असं लिहून देऊ? पुढं आयुष्यभर त्यानं तेच ऐकून घ्यायचं? पहिल्या मजल्यावरचं बोलणं तळमजल्यावर आणि तिसऱ्यावर दोन्हीकडं जात होतं, याचंही तिला भान नव्हतं.

नवरा ऐकत राहिला. मशीनची सुई थांबली होती. तिचा आवाज ओसरला तेव्हा तिचं लक्ष त्याच्या हातातल्या कापडाकडं गेलं. दिराचे शर्ट होते ते. पाच-सहा शर्ट त्यानं वरून मागवून आणले होते आणि एकेकाची उजवी बाही कापून, दुमडून तो शिवत होता.

"माप घ्यायला गेलो होतो," तो म्हणाला. "लहानपणापासून त्याचे शर्ट मीच शिवलेत. दोन्ही बाह्या सारख्या." मग डोळे पुसत म्हणाला, "नको करूस सही."

दुसऱ्या दिवसापासून तिला सक्तीच्या रजेवर पाठवलं. ती रोज दवाखान्यात जायची. जाऊ असेल तेव्हा बाहेर थांबायची, जाऊ घरी गेली की आत. पहिले काही दिवस दीर गुंगीत असायचा. मग एका दुपारी तो नीट उशाला टेकून बसला होता.

"वहिनी, तुम्ही विचारलं होतंत ना त्यांना?"

"विचारलं होतं, भावजी. तुमची शपथ. ते म्हणाले, आले."

त्यानं पट्टी बांधलेल्या हाताकडं बघितलं. "मग बघायला का नाही आलात?"

तोफ म्हणाली, "साहेब होता ना. साहेबानं सांगितलं म्हटल्यावर..."

"हं," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर तिला सोसला असता. घरी येताना ती रस्त्यानं स्वतःला शिव्या देत आली, मोठ्यानं. लोक वळून बघत होते. बघू देत. पंधरा पावलं चालली नाही म्हणून ती स्वतःला माफ करणार नव्हती, पण ती पंधरा पावलं एकटीच्या नावावर लिहून घेऊन त्या माणसाला मोकळा सोडायलाही ती तयार नव्हती. दोन्ही राग तिनं बरोबर घेतले, आणि कारखान्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कचेरीत जाऊन सगळं लिहून दिलं.

तीन आठवड्यांनी तपासणीला एक अधिकारी बाई आल्या. इलेक्ट्रिशियननं आदल्या दिवशी तोफेला गुपचूप कळवलं होतं. तिला गेटवर वॉचमननं अडवलं.

"तुम्ही रजेवर आहात. आत सोडायचं नाही असं सांगितलंय."

"नको सोडूस," ती म्हणाली. "मी इथूनच बोलते." आणि गेटचे गज धरून तिनं छातीत हवा भरली. "मॅडम! मशीन बघायला आलात ना! ज्या बाईनं बटण दाबलं ती इथं बाहेर उभी आहे!"

आत शेडमध्ये अधिकारी बाई थबकल्या. त्या स्वतः गेटपर्यंत चालत आल्या, वॉचमनला बाजूला व्हायला सांगितलं आणि तोफेला घेऊन आत गेल्या.

मेन स्विचशेजारी भिंतीवर नवी फळी ठोकली होती. तिच्यावर सहा लाल कुलपं लटकत होती, लखलखीत. मॅनेजर सांगत होता, "ही पद्धत आमच्याकडे पहिल्यापासून आहे, मॅडम. दुर्दैवानं त्या दिवशी फिटरनं कुलूप लावलं नाही."

"पहिल्यापासून?" तोफ म्हणाली. "मग ग्रीसचा एक डाग दाखवा ह्यांच्यावर. फिटरच्या वस्तूला ग्रीस नाही असं कधी बघितलंय?"

अधिकारी बाईंनी एक कुलूप काढून उलटं केलं. मागं दुकानाचं कागदी लेबल तसंच होतं. त्यांनी नखानं ते सोललं आणि आपल्या वहीत चिकटवलं. मॅनेजर काहीतरी सांगू लागला, तेवढ्यात मागून इलेक्ट्रिशियन पुढं आला. खालमानेनं, ज्या निळ्या शर्टावरून सगळा घोळ झाला होता तोच घालून.

"जुनी साहेबांच्या कपाटात आहेत," तो म्हणाला. "खालच्या कप्प्यात. वर्षभर तिथंच आहेत."

कपाटाची किल्ली काही केल्या सापडेना. अधिकारी बाई खुर्ची ओढून बसल्या. "मला घाई नाही," म्हणाल्या. दहा मिनिटांत किल्ली मॅनेजरच्याच खिशात निघाली. खालच्या कप्प्यात एक खोकं होतं. तेलानं काळवंडलेली, घासलेली लाल कुलपं, प्रत्येकावर रंगानं काढलेला आकडा. तीन नंबरचं दिराचं. तोफेनं ते हातात घेतलं आणि मॅनेजरच्या तोंडावर फेकावं असं तिला इतक्या जोरात वाटलं, की तिनं ते पटकन अधिकारी बाईंच्या हातात देऊन टाकलं.

अहवाल आला. कुलपं मॅनेजरनं काढून घेतली, फिटरचा दोष नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. कंपनीला दंड झाला, दिराला भरपाई मंजूर झाली. पण 'आले' या एका शब्दाबद्दल एवढंच होतं, की दोन्ही बाजूंचे जबाब परस्परविरोधी आहेत, साक्षीदार नाही. आणि त्या बळावर मालकानं मॅनेजरला काढलं नाही. नदीपलीकडं त्याचा दुसरा कारखाना होता, तिथं पाठवलं. मॅनेजर म्हणूनच. जाताना त्याला फुलांचा गुच्छ दिला, सगळ्यांना टाळ्या वाजवायला उभं केलं.

तोफ कामावर परत आली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी येऊन ती जिन्यातच बसली, पायरीवर, पिशवी मांडीवर घेऊन. वरून जाऊ उतरत होती. नेहमीसारखी अंग चोरून पुढं जाणार, एवढ्यात तोफ म्हणाली, "त्याला गुच्छ दिला. दुसऱ्या कारखान्यात साहेब झालाय पुन्हा. तिथंही फिटर असतील ना गं."

जाऊ दोन पायऱ्या खाली जाऊन थांबली. पाठ तशीच ठेवून म्हणाली, "किती वाजता सुटते तिथली पाळी?"

तोफेच्या सुट्टीच्या दिवशी दोघी बसनं नदीपलीकडं गेल्या. दुपारी तीनला पाळी बदलायची. एक घोळका आत जात होता, एक बाहेर येत होता. जाऊ गेटसमोर उभी राहिली आणि बोलायला लागली. "माझे यजमान फिटर आहेत," ती म्हणाली. शेजारून जाणाऱ्यालाही ऐकू गेलं नाही. लोक पुढं चालले. तिनं तोफेकडं बघितलं.

तोफेनं गरजून सांगितलं, "हिचा नवरा फिटर आहे!"

माणसं थांबली.

"ते आत हात घालून बसले होते," जाऊ हळूच म्हणाली.

"तो मशीनमध्ये हात घालून बसला होता!"

"तुमच्या नव्या मॅनेजरनं न बघता सांगितलं, की ते बाहेर आले."

"तुमच्या नव्या मॅनेजरनं न बघता सांगितलं, आले!"

जाऊ एकेक वाक्य सांगत गेली. आता त्यांना जोड्याची नाडी बांधता येत नाही. शर्टाचं बटण मी लावते, तेव्हा ते वर छताकडं बघतात. झोपेत बोटं दुखतात म्हणतात, नसलेली. तोफ ते सगळं तसंच्या तसं मोठ्यानं म्हणत गेली. मध्ये तिचा आवाज फाटला, तरी थांबली नाही. मग जाऊ म्हणाली, "आणि हिनं न बघता बटण दाबलं."

तोफेनं तेही तेवढ्याच मोठ्यानं म्हटलं.

"आणि मी न बघता बटण दाबलं!"

तेवढ्यात आतून मॅनेजरची गाडी आली. त्यानं दोघींना ओळखलं, काच वर केली आणि हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही. पुन्हा वाजवला. पुढं उभ्या असलेल्या एका बाईनं, मशीन चालवणाऱ्यांचा एप्रन होता तिच्या अंगात, गाडीकडं पाठ केली आणि तोफेला विचारलं, "ताई, कुलपाचं काय ते नीट सांगा. आमच्याकडं कधी नव्हतीच."

तोफेनं नीट सांगितलं. अर्धा तास सांगितलं. गाडी तोवर तिथंच उभी होती. आठवड्याभरात तिथल्या कामगारांनी, कुलपं मिळेपर्यंत एकही मशीन दुरुस्तीसाठी उघडणार नाही असं लिहून दिलं, आणि चार दिवस उघडलं नाही. पाचव्या दिवशी कुलपं आली. मॅनेजर मात्र अजून आहे तिथंच आहे.

त्या दिवशी बसमध्ये परतताना दोघींना शेजारी जागा मिळाली होती. पूल ओलांडेपर्यंत जाऊ खिडकीबाहेर बघत होती.

"माझा राग गेलेला नाही तुमच्यावर," ती म्हणाली. "सांगून ठेवते."

"नको जाऊ देऊस," तोफ म्हणाली.

जाऊ दवाखान्याच्या थांब्यावर उतरली. दिराला हाताच्या व्यायामाला तिथं यायचं होतं, त्याची वेळ झाली होती.